काउंटेसच्या गालावरचा थर

ऋजुता माईणकरला चेहऱ्यांचा नाद होता, आणि पोटही त्याच्यावरच चालत होतं. मिरजेच्या बाजारपेठेत तिचं चष्म्याचं दुकान होतं, वडिलांपासून चालत आलेलं. दोन बाहुल्यांमधलं अंतर किती, नाकाचा दांडा कुठे बसका आहे, कुठला कान दुसऱ्यापेक्षा वर आहे, हे बघण्यात तिचा जन्म गेला होता. डोळे तपासायला आता यंत्रं होती, चष्मे घरबसल्या छापून मिळत होते. तरीही मिरजेची माणसं तिच्याकडेच येत. छापलेली फ्रेम कानामागे टोचते आणि ऋजुताताईंची टोचत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती.

मायलेकी दुकानात आल्या की ऋजुता न विचारता सांगून टाकायची, "नाक आईचं घेतलंय हं हिनं. कपाळ मात्र वडिलांकडून आलेलं दिसतंय." लोक खूश व्हायचे. ते गेले की ती समोरच्या आरशात बघायची. आपलं नाक कुणाचं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

ती दत्तक होती. त्यात लपवाछपवी काही नव्हती. थोरल्या मुलाच्या, श्रीनिवासच्या, पाठीवर मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर माईणकरांनी अनाथाश्रमातून तान्ही मुलगी आणली, थाटात बारसं केलं, गल्लीभर पेढे वाटले. जन्म देणारीचं नाव आश्रमात कुणाला ठाऊक नव्हतं. ऋजुताचं लग्न दोन ठिकाणी जमत आलं आणि 'मुलगी कुणाची' या प्रश्नाशी येऊन मोडलं. मग तिनंच नाद सोडला. बाबा गेले, पाठोपाठ आई गेली, श्रीदादा सांगलीला स्थायिक झाला, आणि वरच्या मजल्यावरच्या चार खोल्यांत ती एकटी उरली.

आई गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीत तिनं 'आप्तशोध'मध्ये नाव घातलं. ताटातूट झालेल्या माणसांसाठी जगभर चालणारी ही नोंदणी होती. नळीत लाळेचा नमुना द्यायचा. तुमच्या रक्ताचं कुणी कुठेही सापडलं, की ते तुम्हाला कळवत. दादाला हे कळलं तेव्हा तो रागावला नाही. त्यानं फक्त "कशाला?" एवढंच विचारलं. तिला उत्तर देता आलं नाही. खरं म्हणजे देता आलं असतं. घरातलं शेवटचं माणूस गेल्यावर संध्याकाळी कुलूप उघडताना काय वाटतं, हे भरल्या घरात राहणाऱ्या माणसाला सांगायची तिला लाज वाटली.

पुढं कित्येक वर्षं आप्तशोधकडून काही आलं नाही. आला तो एकदम फोनच आला.

त्या वेळी ती एका आजोबांच्या फ्रेमचा स्क्रू पिळत होती. कानातल्या दुभाषी यंत्रातून आवाज आला. हा दुभाषी सरकारी बातम्या ऐकून मराठी शिकलेला होता. त्यामुळे जगातला कुठलाही माणूस त्यातून निवेदन वाचून दाखवल्यासारखाच बोलायचा.

"नमस्कार, महोदया. मी डॉक्टर बास्तियाँ रूसेल, फ्रान्सहून बोलत आहे. आपल्या मातृवंशाशी जुळणारी एक स्त्री आढळून आली आहे."

हातातला स्क्रू काउंटरवर पडला आणि घरंगळत खाली गेला. "जिवंत आहे?"

पलीकडे थोडी चुळबूळ झाली. "नाही. ती पावणेतीनशे वर्षांपूर्वीची आहे. ती एका चित्रात आहे."

दुभाषी बिघडला असणार असं समजून ऋजुतानं तो कानातून काढला, फुंकर मारली, परत बसवला. पण दुभाषी शाबूत होता.

फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी एका लहान गावातल्या संग्रहालयात ते चित्र होतं. निळ्या रेशमी झग्यातली एक तरुण बाई, केसांवर पांढरी पूड, हातात मिटलेला पंखा. ही सोव्हिन्याक घराण्यातली सून, एवढं नक्की. पण कुठली सून, यावर विद्वानांच्या दोन पिढ्या भांडल्या होत्या. एका पक्षाच्या मते ती थोरली सून, काउंटेस आदेलाईद. दुसऱ्या पक्षाच्या मते ती धाकटी, मारी-जान. काउंटच्या भावानं पाँडिचेरीहून लग्न करून आणलेली, बाप फ्रेंच आणि आई तमिळ. चित्राखालच्या पाटीवर 'सोव्हिन्याकची काउंटेस' असं लिहून पुढं प्रश्नचिन्ह घातलेलं होतं. बिचारी इतकी वर्षं त्या प्रश्नचिन्हासकट भिंतीवर टांगलेली होती.

बास्तियाँनं या भांडणात यंत्र घातलं. त्यामागचा विचार साधा होता. तैलरंग तासाभरात वाळत नाही. जवसाच्या तेलात घोटलेला रंग कित्येक दिवस चिकट राहतो, आणि हवेतून जे येईल ते धरून ठेवतो. माणूस तर बसल्या जागी झडत असतो. त्वचेचा कोंडा, शिंकेचे तुषार, श्वासातला दमटपणा, सगळं त्या ओल्या रंगात अडकतं आणि वर पुढचा थर बसला की कायमचं बंद होतं. चित्रकार अर्थातच चित्रभर सांडलेला असतो. पण अशा घराण्यांतल्या बायका फक्त चेहऱ्यापुरत्या समोर बसत. झगा मग लाकडी बाहुलीला चढवून सावकाश रंगवला जाई. म्हणजे झग्यात जो सापडतो तो चित्रकार, आणि चेहऱ्यात जे जास्तीचं सापडतं ती समोर बसलेली बाई. मोहरीच्या दाण्याहून लहान कपचा काढून यंत्र ही वजाबाकी करायचं. बास्तियाँनं त्याला 'श्वासवाचक' नाव दिलं होतं.

इतक्या जुन्या कणांतून माणसाचा सगळा वारसा वाचता येत नाही. त्याचा चुरा झालेला असतो. टिकते ती पेशीतल्या तंतुकणिकांमधली लिपी, कारण एका पेशीत तिच्या शेकडो प्रती असतात. ही लिपी मुलांना फक्त आईकडून मिळते. आजीची आईला, आईची मुलीला, पिढ्यान् पिढ्या जवळपास तशीच्या तशी. त्यामुळे दोन बायका एकाच मातृरेषेवरच्या आहेत हे तिच्यावरून सांगता येतं, पण त्या एकमेकींपासून किती पिढ्या लांब आहेत हे सांगता येत नाही. चित्रातल्या चेहऱ्यात सापडलेली रेषा भारतातली होती आणि फार दुर्मीळ होती. साऱ्या आप्तशोधमध्ये ती एकाच बाईशी जुळली, मिरजेच्या ऋजुता माईणकरशी.

"म्हणजे ती मारी-जान," ऋजुता म्हणाली.

"तसा निष्कर्ष निघतो, महोदया. आणि तिच्या मातृकुळातील ज्ञात अशा आपण एकमेव हयात व्यक्ती आहात."

पाँडिचेरीची रेषा मिरजेला कशी आली, हे कुणीच फारसं विचारलं नाही. इतक्या वर्षांत बायका लग्न होऊन कुठल्या कुठं जातात.

त्या दिवशी ऋजुतानं दुकान लवकर बंद केलं, वर जाऊन दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडली. एवढं रडायला काय झालं हे तिलाही कळत नव्हतं. 'मातृकुळ' हा शब्द तिच्यासाठी कुणी पहिल्यांदाच वापरला होता.

मग मात्र तिनं सगळं भरभरून केलं. चित्राची मूळ मापाची छापील प्रत मागवून दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोर लावली. फूटपट्टी घेऊन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. ते स्वतःच्या अंतराशी तंतोतंत जुळलं. नाकाचा दांडा जुळला. डाव्या कानाची पाळी तर अशी जुळली, की तिनं शेजारच्या मेडिकलवाल्या मुजावरांना बोलावून दाखवलं. मुजावर भले गृहस्थ. "डिट्टो ओ ताई," म्हणाले. मिरजेत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पेपरात फोटो आला. लोक दारातूनच "काउंटेसबाई, माझा नंबर वाढलाय का बघा की," असं ओरडायला लागले. ऋजुता लटकं रागवायची, पण आतून फुलायची. फ्रेंच शिकायला लागली. संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं की मागच्या खोलीतलं जेवणाचं ताट पुढं आणून त्या चित्रासमोर बसायची. भाजीत मीठ जास्त झालंय, लाइट बिल फार आलंय, असलं काहीबाही तिला सांगायची. इतक्या वर्षांनी जेवताना बोलायला कुणी मिळालं होतं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र वाईट झाली. दर वर्षी आईच्या श्राद्धाला ती सांगलीला दादा आणि अनघावहिनीकडे जायची. अळूची भाजी तिनंच करायची, असा शिरस्ता होता. आईसारखी आंबटगोड अळू दुसऱ्या कुणाला जमत नसे. त्या वर्षी फ्रेंच टीव्हीवाल्यांनी मुलाखतीला तीच दुपार मागितली. ऋजुतानं हो म्हटलं, नवीन साडी नेसली, चित्राशेजारी उभी राहिली आणि 'माझ्या घराण्यातल्या बायका' या विषयावर पुष्कळ बोलली. त्या दिवशी तिथी काय आहे, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

दिवस मावळताना दादा दुकानात आला. हातात डबा होता. काउंटरवरचं ताट, ताटासमोरचं चित्र, तिची नवी साडी, सगळं त्यानं एका नजरेत पाहिलं.

"वाट बघत होतो आम्ही," तो म्हणाला. "भटजी खोळंबले. शेवटी अनघानं केलं अळू."

ऋजुताच्या हातातला घास तसाच राहिला. "दादा... अरे देवा. मी... दादा, विसरले रे मी."

"फोनही लागत नव्हता तुझा."

"मुलाखत होती. ते लोक फ्रान्सहून—"

"हो, अनघानं दाखवली. तुझ्या घराण्यातल्या बायका." दादानं डबा काउंटरवर ठेवला. तो मुळात हळू बोलणारा माणूस, आवाज चढवणं त्याला जमायचंच नाही. "आमच्या घराण्यातली एक होती गं. चार महिन्यांची असताना तुला गोवर झाला, तेव्हा रात्रंदिवस मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं तिनं. पण बरोबर आहे, रक्ताची नव्हे ती. तुझी आई त्या चौकटीत आहे ना? मग पुढच्या वर्षी तिचंच घाल श्राद्ध."

तो गेला. तिनं हाका मारल्या, पण त्यानं मागं वळून पाहिलं नाही. डब्यातलं अळू तिनं दुसऱ्या दिवशी खाल्लं. अनघावहिनीनं त्यात गूळ कमी घातला होता. त्यानंतर दादानं फोन केला नाही, आणि तिनं केलेले उचलले नाहीत. दुखावलेली माणसं असं करतात. आणि दुखावणारी माणसं मनात चडफडत, आपलं तरी काय एवढं चुकलं, असं स्वतःला समजावत राहतात. ऋजुतानंही तेच केलं.

शरदात संग्रहालयाकडून निमंत्रण आलं. चित्राखाली मारी-जानच्या नावाची, प्रश्नचिन्ह नसलेली पाटी लागणार होती आणि ती ऋजुतानं लावावी अशी त्यांची इच्छा होती. तिनं दुकानाला कुलूप घातलं, मुजावरांकडे किल्ली दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली.

स्टेशनवर बास्तियाँ न्यायला आला होता. चाळिशीचा, उंच, खांद्यातून वाकलेला माणूस. त्याला बघताच ऋजुताला कळलं की काहीतरी बिनसलंय. गिऱ्हाइकाला मोतीबिंदूचं सांगायची वेळ आली की तिचाही चेहरा तसाच व्हायचा. त्यानं तिला संग्रहालयाच्या दालनात नेलंच नाही. मागच्या अंगणातून एका उत्तरेकडच्या खोलीत नेलं. तिथं जुनी चित्रं दुरुस्त करत. मधोमध लाकडी घोडीवर, भिंतीवरून उतरवलेली, चौकटीतून काढलेली ती बाई होती. कोपऱ्यात एक म्हातारी फ्रेंच बाई हात मांडीवर घेऊन बसली होती.

"आपण बसावे, महोदया," दुभाषी म्हणाला. "मजकडून एक गंभीर प्रमाद घडला आहे."

त्यानं सांगितलं ते असं. निष्कर्ष छापण्याआधी एका परीक्षकानं विचारलं होतं, की हा डीएनए खरोखर जुना आहे का, हे तपासलंत का? जुना डीएनए टोकांना उसवलेला असतो, जुन्या लुगड्याच्या काठासारखा. त्यावरून त्याचं वय अजमावता येतं. बास्तियाँनं तपासलं. काठ उसवलेला नव्हता. चेहऱ्यात सापडलेली बाई पावणेतीनशे वर्षांपूर्वीची नव्हतीच. ती फार तर पन्नास वर्षांपूर्वीची होती.

"मग ती कोण?" ऋजुतानं विचारलं.

बास्तियाँनं म्हातारीकडे पाहिलं. "या मादाम ओदील. त्या काळी येथील दुरुस्ती विभाग यांच्याकडे होता. त्या वेळच्या अहवालात लिहिले आहे, की चेहरा 'सौम्य जैविक द्रावणाने' स्वच्छ केला. मला वाटले, ते बाजारातील एखादे रसायन असेल."

ओदीलबाई फस्सकन हसल्या. मग काडीला कापूस गुंडाळला, तो सरळ तोंडात घातला, जिभेवर फिरवून ओला केला आणि काडी उंच धरून दाखवली.

"हे ते द्रावण," त्या म्हणाल्या. दुभाषीच्या बातम्यांच्या मराठीतूनही त्यांचा ठसका लपत नव्हता. "थुंकी. आम्ही सगळे तीच वापरायचो. झगा, पार्श्वभूमी, तिथं काहीही चालतं. चेहऱ्याला थुंकीच. मळ निघतो आणि रंगाला धक्का लागत नाही. पण सोव्हिन्याकच्या काउंटेसच्या तोंडाला आम्ही थुंकी लावली असं लिहायचं का? म्हणून प्रत्येक जण 'सौम्य जैविक द्रावण' लिहायचा. या धंद्यात ते सगळ्यांना ठाऊक असतं. याला कोण सांगणार? यानं विचारलंच नाही."

बास्तियाँचे कान लाल झाले. थुंकी रंगाच्या भेगांत उतरली, भेगांत मुरली, आणि ती फक्त चेहऱ्यावर होती. म्हणून यंत्रानं इमानेइतबारे वजाबाकी करून तिलाच चित्रातली बाई ठरवलं होतं. आत्ताच्या सगळ्या कर्मचाऱ्यांचे नमुने त्यानं आधीच वगळले होते. इतक्या जुन्या, एका हिवाळ्यापुरत्या आलेल्या शिकाऊ मुलीचा विचार त्याच्या डोक्यात आला नाही.

"शिकाऊ मुलगी," ऋजुता म्हणाली.

"भारतातून आली होती, शिष्यवृत्तीवर, चोवीस वर्षांची," ओदीलबाई म्हणाल्या. "नीलांबरी. मला एवढं लांब नाव म्हणता यायचं नाही, मी नील म्हणायची."

बास्तियाँनं खाली बघत उरलेलं सांगितलं. नमुना ताजा असल्यामुळे या वेळी सगळा वारसा वाचता आला होता. अर्धा वारसा ऋजुताशी जुळत होता, बरोबर अर्धा. त्याचा अर्थ एकच होतो.

ऋजुता घोडीवरच्या चित्राकडे बघत होती. काल विमानात बसेपर्यंत जे नाक तिचं होतं, ते आता कुणा परक्या बाईचं सरळ, टोकदार नाक होतं. पाळीही काही तशी नव्हती. आपण काय बघत होतो इतके दिवस? तिला स्वतःचीच कीव आली.

"कुठं आहे ती?" तिनं शेवटी विचारलं.

"गेली," ओदीलबाई म्हणाल्या. "लिस्बनला काम करत होती, तिथंच. बारा-तेरा वर्षं झाली. राख समुद्रात सोडली, मी होते त्या वेळी."

"फोटो?"

"असता तर तुला दिला असता गं बाळ. कॅमेरा तिचाच होता. आमचे सगळ्यांचे फोटो तिनंच काढले." दुभाषीनं 'बाळ' हा शब्दसुद्धा बातम्यांच्या आवाजातच म्हटला. "चिडकी होती. थंडीनं वैतागायची. चहात आलं ठेचून घालायची. आणि हात असा हलका, की मी तिला पहिल्याच महिन्यात चेहरा दिला. अख्खा हिवाळा ती या चेहऱ्यासमोर बसून होती. काम करताना तोंड चालू. तुमच्या भाषेत हिच्याशी बोलत बसायची. मी म्हणायची, अगं थुंकी वाया घालवू नकोस."

"काय बोलायची?"

"मला काय कळणार?"

ऋजुतानं विचारू नये ते विचारलं. "मुलीबद्दल... कधी काही?"

ओदीलबाईंनी खोटं बोलायचा विचार केला असावा, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. पण त्या तशा बाई नव्हत्या. "घरी कोण कोण आहे, म्हणून एकदा विचारलं होतं. म्हणाली, कुणी नाही."

एक गोष्ट अजून बाकी होती, आणि ती सांगताना बास्तियाँ फार अवघडला. चेहऱ्यावरचा तो थर आणि भेगांतला ऐवज काढून टाकला, तर खालच्या रंगात खरी बाई कदाचित सापडेल. काउंटेस की मारी-जान, हे कदाचित ठरेल. पण त्या देशात नवा कायदा झाला होता. मृत माणसाचा ओळख पटलेला अंश नष्ट करायचा, तर वारसाची संमती लागते. नीलांबरीला वारस एकच होती. तिची राख समुद्रात गेली होती, फोटो नव्हता; तिचं या जगात उरलेलं जे काही होतं ते या गालावर होतं.

"आपण नकार दिलात तर चित्र आहे तसे राहील," तो म्हणाला. "पाटीवर प्रश्नचिन्ह राहील. कोणीही आपणास दोष देणार नाही. उद्या सकाळपर्यंत विचार करावा."

त्यांनी तिला नदीकाठच्या हॉटेलात सोडलं. खोली स्वच्छ होती. खिडकीतून नदी दिसत होती आणि काठाच्या झाडांची पानं गळत होती. ऋजुतानं पलंगावर बसून कोट न काढताच दादाला फोन लावला. तो उचलणार नाही, हे तिला माहीत होतं. पण फोन नुसता वाजत राहिला तरी पलीकडे कुणीतरी आहे असं वाटत होतं.

दादानं उचलला. "पोचलीस का?" असं काहीतरी म्हणेल असं तिला वाटलं, पण तो नुसता "बोल" म्हणाला.

तिनं सगळं सांगितलं, क्रमानं, एखाद्या परक्या बाईची हकिगत सांगावी तसं. दादा ऐकत होता. थुंकीचं ऐकून तो हुं म्हणाला.

"म्हणजे ती काउंटेस तुझी कुणी नव्हे."

"कुणी नव्हे."

"आणि ही नीलांबरी..."

"जन्म दिला तिनं." ऋजुता थांबली. "दादा, घरी कुणी नाही म्हणाली रे ती. मी चार महिन्यांची नाहीतर वर्षाची असेन तेव्हा. तुमच्याकडे होते मी. आणि ही इथं बसून थुंकीनं त्या बाईचं तोंड पुसत होती. इतक्या मायेनं पुसलंय म्हणे, की पन्नास वर्षांत गेलं नाही."

दादाला असल्या वेळी काय बोलावं हे कधीच सुचत नसे. तो म्हणाला, "थुंकीनं तोंड आई पुसायची आपलं."

"काय?"

"विसरलीस? पदराचं टोक जिभेला लावायचं आणि घासायचं. शाळेच्या फाटकात, पोरांसमोर. मला शिसारी यायची, मी पळून जायचो. तू मात्र तोंड वर करून उभी राहायचीस, डोळे मिटून. आई म्हणायची, बघ कशी शहाणी आहे माझी बाय."

ऋजुता ते विसरली नव्हती. ते आठवायची गोष्ट आहे असंच तिला कधी वाटलं नव्हतं. पदराचा खरखरीत काठ, आईच्या तोंडाला येणारा बडीशेपेचा वास, हनुवटीखाली धरलेली बोटं, सगळं एकदम अंगावर आलं.

"ऐकतेयस ना?" दादानं विचारलं.

"हो."

"रडू नको तिथं एकटी. ठेवतो मी. अनघा हाक मारतेय." त्यानं ठेवला. अनघानं हाक मारली नव्हती, हे ऋजुताला कळलं. दादाचा आवाज फुटला होता.

सकाळी ती चालतच संग्रहालयात गेली. ओदीलबाई खिडकीशी बसल्या होत्या. निवृत्त झाल्यामुळे नियमानं काम त्यांनी करायचं नव्हतं, पण बास्तियाँनं त्यांना अडवलं नव्हतं. ऋजुतानं संमतीच्या यंत्रावर अंगठा टेकवला आणि सांगितलं, "पुसा."

"पूर्ण?" बास्तियाँनं विचारलं. "एखादा लहान भाग राखून ठेवता येईल."

"नको. पूर्ण पुसा. हिच्या तोंडावर दुसऱ्या कुणाचं काही राहायला नको. हिचंही कुणी कुठंतरी नळीत लाळ देऊन वाट बघत बसलं असेल."

ओदीलबाईंनी तिचा हात धरला. त्यांचा हात गार होता. "तुझ्या आईचं मग काहीच राहणार नाही."

ऋजुतानं चित्रातल्या गालाकडे पाहिलं. तिथं डोळ्यांना काही दिसत नव्हतं. गुलाबी रंग आणि बारीक भेगा. त्या चिडक्या, थंडीनं गारठलेल्या पोरीवर तिला राग धरता आला असता. पण चोविसाव्या वर्षी परक्या गावात, बोलायला कुणी नाही म्हणून चित्राशी बोलत बसणं म्हणजे काय, हे ऋजुताइतकं कुणाला कळणार होतं?

"नीलांबरीनं माझं तोंड पुसलं नाही," ती म्हणाली. "तिला ते जमलं नसेल. माझं पुसणारी दुसरी होती, तीही अशीच थुंकी लावून पुसायची. तिचं कुठल्या यंत्रात सापडणार नाही आता. रोज साबण लावून धुतलं ना मी."

दुभाषीनं ते फ्रेंचमध्ये सांगितलं, त्याच्या त्या सपाट आवाजात. ओदीलबाईंनी मान हलवली. सवयीनं कापसाची काडी तोंडाकडे नेली, मग थांबल्या, आणि ती शेजारच्या पाण्याच्या वाटीत बुडवली.